काटा मधोमध येईपर्यंत

तीर्थस्वरूप मामांना,

नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण त्यासाठी आठ अंगं जमिनीला टेकायला हवीत आणि मी खुर्चीत बसून लिहिते आहे. दोन हात आणि कपाळ टेबलाला टेकवून झालं, उरलेली अंगं भेटीत. मामींनाही तेवढाच नमस्कार. आईचा गुडघा पूर्वीइतकाच दुखतो, त्याबद्दलचं बोलणं थोडं वाढलं आहे. माझ्या तब्येतीत नोंद घेण्यासारखं काही नाही. तुमच्या डोळ्यावरची पट्टी निघाली आणि डॉक्टरांनी बारीक अक्षर वाचायला मनाई केली आहे, असं तुमच्या लेकीकडून, म्हणजे आमच्या ताईकडून कळलं. म्हणून हे पत्र मुद्दाम मोठ्या अक्षरात काढते आहे. (ओळी पट्टीने आखून घेतल्या. मोठ्या अक्षराचा तोटा एकच, ते खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही वाचता येतं. मामी कुठे बसल्या आहेत ते बघून मग पुढे वाचा.) फोनच केला असता, पण तुमच्याकडचा फोन कायम स्पीकरवर असतो, आणि घरभर ऐकू जात असताना मला "हो", "नाही" आणि "बघू" यांच्यापुढे जाता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

विषय गाडीचा आहे. तुम्ही दोघं ताईकडे राहायला गेलात तेव्हा किल्ली माझ्या हातात दिलीत आणि "चालू ठेव" एवढंच म्हणालात. मी ते शब्दशः घेतलं. (वेगळ्या पद्धतीने घ्यायला मला येत नाही.) रोज सकाळी कामावर निघण्याआधी मी गाडी चालू करते, काटे बघते, बंद करते, कधी घेऊनही जाते. मग ताईचा फोन आला, की मामी म्हणतात गाडी विकून टाका. ती आमच्या दारात उभी आहे तोवर तुमचं मन तिकडे लागणार नाही, आणि एक दिवस तुम्ही कुणाला न सांगता बसमध्ये बसून किल्ली मागायला याल. मामींचा अंदाज मला अचूक वाटला. ताईने गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं, तिच्या ओळखीचे एक दातांचे डॉक्टर. मला यात काही म्हणायचं नव्हतं. गाडी तुमची, निर्णय मामींचा, गिऱ्हाईक ताईचं. माझी म्हणावी अशी त्यात मागच्या सीटची फक्त डावी बाजू आहे, तीही लहानपणापुरती.

दातांचे डॉक्टर आले ते स्वच्छ हात धुऊन. खिशातून बारीक टॉर्च काढून त्यांनी बॉनेटखाली बराच वेळ पाहिलं, दोन-तीन ठिकाणी बोटाने टकटक केलं आणि हळू आवाजात विचारलं, "इथे दुखतं का?" मी नाही म्हणाले. (प्रश्न बहुधा मला नव्हता.) मग आम्ही एक फेरी मारली. फेरीभर तापमानाचा काटा तळाशी झोपून राहिला आणि हीटरमधून हवा आली ती बाहेरच्याइतकीच गार. परत आल्यावर डॉक्टरांनी डोकं हलवलं. म्हणाले, "हिला अजिबात ताप चढत नाही. इंजिनाला थोडा ताप हवा, नाहीतर ते आतून झिजतं. काटा मधोमध उभा राहू दे, त्या दिवशी मी गाडी घेतली." म्हणजे हिशोब सरळ होता. काटा मधोमध आला की गाडी गेली. आणि तो मधोमध आणण्याचं काम माझ्याकडे आलं. मी हातात घेतलेलं काम वाईट करत नाही. हा गुण आहे, असं मला तोपर्यंत वाटत होतं.

आधी मी नुसतं निरीक्षण केलं. सध्या इकडे सकाळी धुकं असतं. मी गाडी चालू करून आत बसते आणि काट्याकडे बघत राहते. बाहेरचं एकेक जात राहतं: आधी समोरच्या घराची गच्ची, मग तिच्यावर वाळत घातलेले कपडे, मग आमचं फाटक. काचेवर आतून वाफ धरते. इंजिनाचा आवाज धुक्यातून वळून परत येतो तेव्हा आणखी कुठेतरी, बरीच दूर, अशीच एक गाडी कुणाची तरी वाट बघत उभी आहे असं वाटतं. अशा वेळी आपण तळ्याच्या तळाशी बसलो आहोत आणि वरून कुणाचं तरी घर शांतपणे तरंगत चाललं आहे, असंही मला एकदा वाटलं. (ते शेजाऱ्यांचं दूध आणणाऱ्याचं डोकं होतं.) काटा हलत नसला की माणूस कुठेही जाऊन येतो. मी बहुतेक वेळा मागच्या सीटवर जात असे. तिथून तुमच्या दोघांच्या डोक्यांच्या मागच्या बाजू दिसतात. तुमचं डोकं रस्त्याबरोबर डुलतं, मामींचं डुलत नाही, कारण त्यांचा एक हात दाराच्या मुठीवर घट्ट असतो. त्यांच्या शालीचं एक टोक सीटवरून मागे माझ्याकडे आलेलं असतं आणि मी त्याच्या आत असते. आपण कुठे चाललो आहोत हे त्यात कधीच नसतं.

असो. (हा शब्द मी ताईकडून घेतला आहे. फार उपयोगी आहे.) लक्षणं पाहता दोष थर्मोस्टॅटचा होता. हा म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्या मधल्या वाटेवरचा पहारेकरी. इंजिन गार असलं की तो पाण्याची वाट अडवून धरतो, त्यामुळे इंजिन लवकर तापतं. ठरलेलं तापमान आलं की त्याच्या पोटातलं मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि पाणी गार व्हायला रेडिएटरकडे निघतं. तुमचा उघडाच अडकला असणार, असं धरून मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या मिस्त्रींकडे गाडी नेली आणि त्यांच्यासमोरच वरच्या नळीच्या बुडाचे दोन बोल्ट काढले. आत काहीच नव्हतं. रिकामं घर, स्वच्छ, कुणी कधी राहिलंच नसल्यासारखं. मी त्या पोकळीकडे बघत उभी राहिले. मिस्त्री चहा ढवळत होते. "काय शोधताय, ताई? तो मीच काढला ना. तुमच्या मामांनीच सांगितलं." मी विचारलं, कशासाठी. "गाडी तापली होती चढावर, म्हणून. काढून टाकला, विषय संपला. त्याचं काही काम नसतं हो. असला काय, नसला काय." मी म्हणाले, मग कंपनी तो बसवते कशाला. त्यावर मिस्त्रींनी जरा विचार केला आणि म्हणाले, "रिकामी जागा वाईट दिसते." काढलेला थर्मोस्टॅट त्यांनी टाकलेला नव्हता. त्यांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवला होता. तो मी मागून घेतला आणि त्याच्या जागी त्यांना एक चांगला दगड दिला.

मामा, त्या चढाचा दिवस मला आठवतो. वाफ, वाटेच्या कडेला बसलेल्या मामी, आणि त्यांचं ते म्हणणं, की गाडी तापली नाही, तुम्ही ती तापवलीत, तुम्हाला चालवताच येत नाही. त्यानंतरच त्यांचा हात दाराच्या मुठीवर गेला तो कायमचा. आणि त्यानंतरच हीटर बंद पडला. तुम्ही मामींना म्हणायचात, "त्याचा पार्ट मिळत नाही, तू शाल घे." हीटरला काहीही झालेलं नव्हतं. पाणीच कधी तापत नव्हतं. इतकी वर्षं मामी त्या गाडीत शाल गुंडाळून बसल्या ते मिस्त्रींच्या टेबलावरच्या एका वस्तूमुळे. हे मी मामींना सांगणार नाही. (अक्षराच्या आकाराबद्दल वर लिहिलं आहेच.)

आता नवा घ्यायचा होता. सुट्या भागांच्या दुकानात गेले आणि विचारलं, किती अंशांचे आहेत. दुकानदार म्हणाले, "अंशाचं काय घेऊन बसलात, बसतो की नाही ते विचारा." मी पुन्हा विचारलं. त्यांनी दोन डबे पुढे केले, एकावर ब्याऐंशी, दुसऱ्यावर अठ्ठ्याऐंशी. कुठला चांगला, असं विचारणं चूक होतं, कारण ते लगेच म्हणाले, "मोठा आकडा केव्हाही चांगला." मी दोन्ही घेतले. न लागणारा परत घेणार का, असं विचारल्यावर ते म्हणाले, "वापरला नसला तर घेऊ. तुम्ही काय करणार त्याचं?" मी म्हणाले, उकळणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे आणखी कुणी घरचं माणूस आलं आहे का ते पाहिलं.

तुम्हाला माझं काम माहीत आहे. लोकांचे तापमापक खरं बोलतात की नाही, हे मी दिवसभर तपासते. तेव्हा नुसत्या छापील आकड्यावर विश्वास ठेवणं मला शक्य नव्हतं. रविवारी दुपारी आई झोपल्यावर मी तिचं दुधाचं पातेलं घेतलं, त्यात पाणी, आणि प्रयोगशाळेतून रीतसर परवानगीने आणलेला तापमापक. पद्धत अशी, की झडपेच्या फटीत दोरा अडकवायचा आणि त्या दोऱ्यानेच थर्मोस्टॅट पाण्यात टांगायचा. झडप बंद आहे तोवर ती दोरा धरून ठेवते. उघडली की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट बुडतो. एका बाजूला ब्याऐंशीचा टांगला, दुसऱ्या बाजूला अठ्ठ्याऐंशीचा, मध्ये तुमचा जुना. खिडकीच्या काचेवर वाफ चढली. स्वयंपाकघर हळूहळू पांढरं झालं, भांडी गेली, घड्याळ गेलं, आणि तीन दोऱ्यांना टांगलेल्या त्या तीन पितळी वस्तू कुठल्याशा संथ समुद्रात नांगर टाकून उभ्या असल्यासारख्या दिसायला लागल्या. पारा चढत होता. कुठेही काही घाई नव्हती. मग ब्याऐंशीला, अगदी ब्याऐंशीला, पहिल्याने दोरा सोडला. आवाज झाला नाही. फार दिवस मुठीत धरून ठेवलेलं काहीतरी कुणीतरी आपणहून सोडून द्यावं, तसा तो तळाशी गेला. मी हे वर्षानुवर्षं मोजते आहे, पण ब्याऐंशी अंश दिसतात कसे, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

अठ्ठ्याऐंशीनेही शब्द पाळला. तुमचा जुना मात्र पाणी खळखळून उकळलं तरी दोरा धरून बसला. मिटलेला तो मिटलेलाच. एवढ्यात आई उठून आली. तिने पातेल्यात डोकावून पाहिलं. चौकशी अशी केली नाही. मी एवढंच सांगितलं, की हे दोन वेळेवर उघडले, हा उकळत्या पाण्यातही उघडत नाही. आई म्हणाली, "हा तुझ्यावर गेलाय," आणि चहासाठी दुसरं पातेलं घेतलं. (ते पातेलं आता माझं झालं आहे.)

खरी निवड मग करायची होती. गाडीच्या पुस्तकात ब्याऐंशी लिहिलं आहे. ब्याऐंशीचा बसवला की काटा बरोबर मधोमध उभा राहणार. अठ्ठ्याऐंशीचा बसवला तर इंजिन तेवढंच चालेल, हीटर उलट जास्तच गरम होईल, फक्त काटा मधल्या रेघेच्या किंचित वर थांबेल. डॉक्टरांची नजर चांगली आहे. त्यांनी मधोमध म्हटलं होतं. मी अठ्ठ्याऐंशीचा डबा हातात घेऊन बराच वेळ बसले. बाहेर संध्याकाळ झाली, दिवे लागले. मग तो पिशवीत घालून दुकानात परत नेऊन दिला. दुकानदारांनी तो नाकाशी धरून पाहिला आणि घेतला.

ब्याऐंशीचा मी स्वतः बसवला. झाकणाखालचा जुना गॅस्केट खरवडला, नवा लावला, स्प्रिंग इंजिनाकडे, बोल्ट आलटून पालटून आवळले. आणि एक चूक केली. थर्मोस्टॅटच्या कडेला एक बारीक भोक असतं, त्यात एक सैल खिळा झुलत असतो. पाणी भरताना आत अडकलेली हवा तिथून बाहेर पडते, म्हणून तो वरच्या बाजूला यायला हवा. मला हे माहीत होतं. पण आमच्या प्रयोगशाळेत कुठलंही उपकरण बसवलं की त्याच्यावरचा आकडा सरळ वाचता आला पाहिजे, असा नियम आहे, आणि तो माझ्या हातांना इतका लागला आहे की त्यांनी मला विचारलं नाही. मी ब्याऐंशी हा आकडा सरळ, सुवाच्य, अगदी आडव्या रेषेत बसवला, खिळा तळाला गेला, आणि वरून झाकण लावून बोल्ट आवळले. त्या अंधारात तो आकडा कोण वाचणार होतं, हा प्रश्न मला पडला नाही.

डॉक्टर ठरल्याप्रमाणे आले. आम्ही शहराबाहेरच्या रस्त्याला लागलो. काटा उठला, चढला, मधोमध आला. डॉक्टर म्हणाले, "वा." काटा तिथे थांबला नाही. हीटर गारच होता आणि काटा मात्र लाल पट्ट्याकडे निघाला होता, याचा अर्थ मला कळला, आत हवा अडकली होती, पण तोवर बॉनेटच्या कडेने वाफ यायला लागली होती. गाडी बाजूला घेतली. मला वाटलं, आता हे नको म्हणतील. (वाटलं, एवढंच नोंदवते. त्याला दुसरं नाव देऊ नये.) डॉक्टर उतरले, वाफेकडे प्रेमाने पाहिलं आणि गाडीला म्हणाले, "घाबरायचं नाही, सावकाश श्वास घ्यायचा." गार झाल्याशिवाय झाकण उघडता येणार नव्हतं, म्हणून आम्ही गवतावर बसलो. वाफ सरळ वर जाऊन ढगांना मिळत होती, आणि थोड्या वेळाने त्यातले कुठले ढग आपले, हे सांगता येईना. डॉक्टर बोलत होते. उत्तर देऊ न शकणाऱ्या माणसांशी बोलायची त्यांना सवय आहे, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. म्हणाले, आयुष्यभर माझ्या खुर्चीत जो बसतो तो घाबरलेला असतो. मला घाबरणार नाही असं काहीतरी जवळ हवं आहे, म्हणून ही गाडी. 

दुसऱ्या दिवशी मी तो काढून फिरवला. आता खिळा वर आहे आणि आकडा आत उलटा आहे. (हे मला रोज आठवतं.) पाणी भरून हवा काढली आणि एकटीच निघाले. काटा मधोमध आला आणि उभा राहिला. चढ आला, उतार आला, तो हलला नाही. मग हीटर सुरू केला. गरम हवा आधी पायांवर आली, मग हातांवर, मग समोरची काच मध्यापासून पुसल्यासारखी उघडत गेली आणि तिच्यातून रस्ता बाहेर आला, पलीकडचं तळं आलं, तळ्यावर न हलणारे दोन पक्षी आले. मागच्या सीटवर मामींची शाल अजून घडी घालून ठेवलेली आहे. ती तापली आणि तिचा कापराचा वास गाडीभर सुटला. जिथून वळून परत यायचं ठरवलं होतं ते वळण मागे गेलेलं मला कळलं नाही. काम नसताना गाडी चालवायची नाही असा माझा नियम आहे. कामावर त्या दिवशी मी उशिरा पोहोचले आणि साहेबांनी कारण विचारल्यावर "चाचणी" असं सांगितलं. त्यांनी ते मान्य केलं.

तेव्हा काम झालं आहे. डॉक्टरांनी पुन्हा फेरी मारून काटा पाहिला आणि त्यांचं समाधान झालं. ते येत्या रविवारी गाडी न्यायला येतील. विक्रीचा कागद सोबत जोडला आहे, त्यावर तुमची सही लागेल. बाकी क्षेम. ताईला आणि तिच्या घरच्यांना विचारलं आहे म्हणून सांगा. डोळ्यांना जपा.

तुमची भाची

ता. क. निघताना दातांच्या डॉक्टरांनी मला विचारलं, "झोपेत दात खाता का?" मी म्हणाले, माहीत नाही, मी झोपलेली असते. ते म्हणाले, गाडीचा विषय निघाला की तुमचा जबडा आवळला जातो, दोन्ही बाजूंनी सारखा. ज्याला काही सांगायचं असतं आणि तो सांगत नाही, त्याचा असा होतो. "रविवारपर्यंत ज्यांना सांगायचं त्यांना सांगून टाका, नाहीतर दातांवर कव्हर बसवावं लागेल. गाडी नाही मिळाली तर मी एखादं कासव पाळीन." मी वैद्यकीय सल्ला म्हणून हे इथे नोंदवते आहे.

ता. क. दोन. विक्रीच्या कागदावरची अक्षरं मी पट्टीने मोजली. फारच बारीक आहेत. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या पथ्यात ती बसत नाहीत. न वाचता सही करणं तर तुम्ही मला कधी शिकवलेलं नाही.

ता. क. तीन. मामी, हे पत्र तुम्हीच वाचून दाखवत असणार, हे मला पहिल्या ओळीपासून माहीत होतं. म्हणून तुम्हालाच लिहिते. त्या दिवशी चढावर गाडी मामांच्या चालवण्यामुळे तापली नव्हती. झडप बंदच अडकली होती. मी ती उकळत्या पाण्यात टांगून पाहिली आहे, ती अजूनही उघडत नाही, हवी तर पाठवते. शालीबद्दल जे काही ते तुम्ही मामांशी बोला, ते समोरच बसले असतील. आता हीटर चालतो. किल्ली माझ्याकडेच राहील आणि चालवीन फक्त मी. मामांना काटा बघायला पुढे बसवू, किंवा तुम्ही पुढे बसा आणि मामा शाल घेऊन मागे डाव्या बाजूला बसतील. ते तुम्ही ठरवा. तुम्हा दोघांना न्यायला मी केव्हाही येईन. मला ही गाडी हवी आहे. हे शेवटचं वाक्य वाचून दाखवताना गाळलंत तरी चालेल.